हर्डमानिया लोणारला जाऊन आली

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू बटाट्याला घेऊन एसटीने फिरतेस, हे खरं का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट आता माझ्या हातात राहिलेली नाही. तुमच्या मोठ्या आजीने ती गल्लीत सांगितली, भजनात सांगितली, आणि तुमच्या बाबांना फोनवरही सांगितलेली दिसते. दर वेळी तिच्यात काहीतरी वाढतं. मागच्या आठवड्यात तिच्यात एक पोलीस आला. पोलीस नव्हता. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून पाठवते आहे. पुढच्या आठवड्यात तिच्यात हेलिकॉप्टर यायच्या आत तुम्ही हे वाचा.

पहिली गोष्ट, तो बटाटा नव्हता. ती हर्डमानिया होती.

हर्डमानिया हा समुद्रातला प्राणी. मोठ्या बटाट्याएवढा आकार, हे मात्र मान्य. अंगावर चामड्यासारखं सुरकुतलेलं आवरण, वरच्या बाजूला दोन भोकं. एका भोकाने पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाण्याजोगं गाळून ठेवायचं, दुसऱ्या भोकाने पाणी सोडून द्यायचं. जागचं हलायचं नाही. कुणी डिवचलंच तर पिचकारी मारायची. मी कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि दरवर्षी समुद्र न पाहिलेल्या मुलामुलींकडून हिचं चित्र काढून घेतलं. त्यात वावगं काही नाही. मी स्वतः समुद्र पाहिला तो लग्नानंतर. तेव्हा तुमच्या आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, "यात हर्डमानिया असते." ते म्हणाले, "भेळ खायची का?"

आमच्या प्रयोगशाळेत हर्डमानिया एकच होती, काचेच्या बरणीत, नमुने टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये. मी नोकरीला लागले त्याच्याही आधीपासूनची. मी निवृत्त झाले तेव्हा मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि घड्याळ मिळालं, पण हर्डमानिया तिथेच राहिली.

मागच्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी, कॉलेजातून फोन आला. आता तिथे विभागप्रमुख आहे ती माझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "मॅडम, सोमवारी तपासणी समिती येते आहे. खराब दिसणारे जुने नमुने टाकाऊच्या यादीत घालायला सांगितलंय. हर्डमानियाचं फॉर्मॅलिन अर्धं उडालंय, झाकण फुटलंय, लेबल कसरीने खाल्लंय. मला एकटीला सगळं होत नाही."

मी म्हटलं, "ती मला दे. सोमवारी अकराच्या आत नीट करून फळीवर ठेवते."

"मॅडम, एकच आहे हं ती. टाकाऊत गेली की नवी कुणी आणत नाही."

हे तिने मला सांगायची गरज नव्हती. जाताजाता तिने आणखी एक सांगितलं. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांचा, म्हणजे मासे, बेडूक, गाई, तुम्ही आणि मी या सगळ्यांचा समुद्रातला सर्वांत जवळचा नातलग अॅम्फिऑक्सस, असं मी तीस वर्षं शिकवत आले. दिसायलाही तो बारीक माशासारखा, शोभेल असा. आता म्हणे जनुकं तपासल्यावर कळलं की सर्वांत जवळची ही हर्डमानिया आणि तिची मंडळी आहेत. म्हणजे लग्नाच्या पंगतीत तीस वर्षं मी भलत्याच पाहुण्याला पाटावर बसवत होते, आणि खरी नातेवाईक मांडवाच्या बाहेर बटाट्यासारखी बसून होती.

बरणी मी घरी आणली. मागच्या पडवीत, नाकाला रुमाल बांधून, रबरी हातमोजे घालून फॉर्मॅलिन बदललं. नवं लेबल लिहिलं. झाकण मात्र मिळेना. शेवटी स्वयंपाकघरातल्या एका बरणीचं बसलं. ती बरणी मोठ्या आजीच्या लिंबाच्या लोणच्याची होती. मी तिला विचारायला हवं होतं, हे मी मान्य करते. बाकी कशातही माझी चूक नव्हती.

आता मोठ्या आजीबद्दल. ती माझी मोठी जाऊ, हे तुम्हाला माहीत आहे. तिचं माहेर सोनाळा. लग्न होऊन इथे साखरखेर्ड्याला येऊन साठ वर्षं झाली तरी बोली सोनाळ्याचीच. मला ती मास्तरीण म्हणते. घरात कुणाचं कोणाशी काय नातं, कुणाच्या आत्याची नणंद कुठे दिली, हे तिला तोंडपाठ असतं. आणि पंचाहत्तरी ओलांडल्यापासून तिला एसटीचा प्रवास फुकट झाला आहे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

अक्षय्य तृतीया शुक्रवारी होती. तुम्हाला आठवत असेल, आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नव्या घागरीत पाणी भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात, विस्तवावर घास टाकतात. उन्हाळ्याचे दिवस, गेलेल्यांना तहान लागलेली असते. ज्याचं नाव आठवत नाही अशांसाठी मोठी आजी एक गडू वेगळा भरते. जेवताना मी सगळ्यांना हर्डमानियाची बातमी सांगितली. तुमचे आजोबा रस ओरपत होते. मोठी आजी मात्र जेवायची थांबली.

"आपली सोयरी व्हय ती?" तिने विचारलं.

"लांबची. पण त्या सगळ्यांत जवळची."

"पूर्वज?"

"पूर्वज नाही हो. चुलत म्हणा. आपला आणि तिचा मूळपुरुष एक."

"आन् ते पडवीत बरनीत बसून आहे."

"हो."

"किती वर्स झाले?"

"चाळीस तरी झाली असतील."

तिने रसाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "बाई का मानूस?"

"दोन्ही. एकाच अंगात."

"म्हंजे पान एकच वाढा लागते." तिने मान डोलावली. "लेकरं?"

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिने माझ्या विषयातलं काही विचारलं नव्हतं. मी हात धुवायचे सोडून तिला सगळं सांगितलं. पिल्लू बेडूकमाशासारखं असतं. त्याला शेपूट असते, शेपटीत कण्यासारखी दोरी असते, एक डोळा असतो, लहानसा मेंदू असतो. काही तास पोहतं, मग एखादा दगड बघून त्याला डोक्याने चिकटतं. चिकटलं की शेपूट जिरते, दोरी जिरते, डोळा जातो, मेंदूचाही गोळा होऊन बसतो. मग जन्मभर पाणी आत, पाणी बाहेर.

"घरजावई," मोठी आजी म्हणाली.

आजोबांनी ताटातून डोकं वर काढलं नाही.

"आन् तोंडाचं भोक कोन्तं?"

"दोन्हींतलं टोकाकडचं, जरा मोठं आहे ते. दुसरं बाजूला वळलेलं असतं. पुष्कळ मुलं तिथेच चुकतात."

"टोकाकडचं," तिने पुन्हा म्हणून घेतलं, आणि पुरणपोळीचा घास घेतला. विद्यार्थी असा असावा, असं मला वाटलं. तिच्या मनात काय चाललं होतं याची मला शंकाही आली नाही. तीस वर्षं शिकवल्यावर माणूस एवढंच बघतो की समोरचा ऐकतो आहे.

शनिवारी सकाळी मी झाकणाला मेण लावायला पडवीत गेले तर बरणी नव्हती. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते.

"बरणी कुठे गेली?"

"वहिनी घेऊन गेल्या."

"कुठे?"

"मी काय विचारलं नाही. लोणच्याचं झाकण दिसलं. मला वाटलं, कुणाला लोणचं द्यायला चालल्या."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"लोणचं त्यांचंच आहे ना," ते म्हणाले आणि पान उलटलं. यात मात्र त्यांची चूक काढता येत नव्हती.

तुळशीपाशी पाहिलं तर पाणी घातलेलं होतं आणि शेंड्याची पानं खुडलेली होती. देवघरातली पळी जागेवर नव्हती. शेजारच्या सूनबाईने सांगितलं, "मोठ्या आजी सातच्या मेहकर गाडीत बसल्या. म्हणत होत्या, खाऱ्या पान्याले जाऊन येतो."

आपल्या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचं सरोवर एकच आहे, लोणारचं. मी पर्स घेतली, हातमोजे घेतले आणि पुढच्या गाडीने निघाले. वाटेत मला फक्त सोमवार दिसत होता. फळीवरची रिकामी जागा, आणि यादीतली ती ओळ.

मेहकरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं, "एक म्हाताऱ्या बाई, नऊवारी, हातात बरणी, लोणारच्या गाडीत बसल्या का?"

आतला माणूस उठून उभाच राहिला. "मयत घेऊन चालल्या होत्या त्या आजी का?"

"त्याच," मी म्हटलं.

"फार वाईट झालं हो मॅडम. साखरखेर्ड्याची गाडी आली तर सगळे उतरून डोळे पुसून राह्यले. कंडक्टरचे डोळे लालभडक. ड्रायव्हर म्हणे, मले रस्ता दिसून नव्हता राह्यला. बरणीत अस्थी होत्या का?"

त्या गाडीत काय झालं असेल ते मला तिथेच समजलं. झाकण नुसतं ठेवलेलं होतं, मेण लावलेलं नव्हतं. रस्त्याला खड्डे आहेत. फॉर्मॅलिन एक थेंब सांडलं तरी डोळ्यांतून पाणी येतं, आणि ही तर बरणी हिंदकळत, खिडक्या लावून, उन्हाळ्यात पंचवीस किलोमीटर गेली होती. पुढचं मोठ्या आजीने नंतर सांगितलं. ती म्हणाली, लोक मोठे चांगले होते. शेजारच्या बाईने विचारलं कोण गेलं, तर ती म्हणाली, जवळचीच होती पण चाळीस वर्षं कोणी पाण्याले नाई विचारलं. तेवढ्यात त्या बाईच्या डोळ्यांना धार लागली. मग पुढच्या सीटवरच्याच्या. मग सगळ्यांच्या. "पूरी गाडी रडली, मास्तरीन. माह्या सासऱ्याच्या वक्ताले बी एवढे लोक नोते रडले."

लोणारला पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सरोवराकडे उतरायच्या वाटेवर फाटक आहे, तिथे चौकीदार असतो. फाटकापाशी लिंबाखाली मोठी आजी बसली होती, मांडीवर बरणी, बरणीवर पदर. भोवती आठ-दहा माणसं. चौकीदार साधारण चाळिशीचा, घामाघूम झालेला.

"आजी, मी कितीदा सांगू? आत काहीच टाकता येत नसते."

"टाकाचं कोन म्हनते बे? सोडाचं हाय. ते खाऱ्या पान्यातलं हाय, खाऱ्या पान्यात जाईन."

"माही नोकरी जाईन ना."

"तुह्या नोकरीले काय होते. मी लेखी देतो."

गर्दीत दोन तट पडले होते. एका आजोबांचं म्हणणं, हे सुरण आहे. एक चहावाली म्हणत होती, कवठ आहे, मुरवलेलं. सहलीला आलेल्या एका शहरी माणसाने ते उल्का पडली तेव्हाचं असावं असं मत दिलं आणि फोटो काढला. मला पाहताच मोठी आजी शांतपणे म्हणाली, "ही पाहा, मास्तरीन आली. आता हेच सांगीन तुमाले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रागावून आले होते. पण आठ-दहा माणसं गप्प उभी राहून माझ्याकडे बघत आहेत, आणि समोर हर्डमानिया आहे, म्हटल्यावर माझं तोंड आपोआप उघडलं. मी शिकवायला लागले. पाण्याची वाट, पिल्लाची शेपूट, दोरी, डोळा, सगळं. सुरणवाल्या आजोबांनी विचारलं, "मंग हे जनावर का भाजी?" मी म्हटलं, प्राणी, पण अंगावरचं हे आवरण ज्या पदार्थाचं आहे तसाच पदार्थ झाडांत असतो, प्राण्यांत सहसा नसतो. "म्हंजे वरून भाजीच," आजोबा म्हणाले, आणि जिंकल्यासारखे चहावालीकडे बघत राहिले. माझ्या तीस वर्षांतला हा सर्वांत चांगला तास होता, आणि हजेरी घ्यायची राहिली.

तास संपल्यावर मी मोठ्या आजीजवळ खाली बसले. हळूच सांगितलं, "बाई, सोमवारी ही कॉलेजात नसली तर तिची जागाच जाईल. आणि यातलं औषध सरोवरात गेलं तर तिथले बारीक जीव मरतील. तेही कुणाचे तरी चुलतच."

तिने विचार केला. चुलत म्हटल्यावर तिला विचार करावाच लागतो.

"मंग तिले पानी कोन देते?"

"काय द्यायचं ते इथून द्या."

"ते त मी देल्लं," ती म्हणाली. "गाडीत बसाच्या आधीच. पळीनं दोन पळ्या. आन् तुयशीचं पान. तोंडात. टोकाकडच्या भोकात."

मी बरणी उन्हात धरली. फॉर्मॅलिन अर्ध्यावर आलं होतं, वर थोडं कुंकू तरंगत होतं. आणि हर्डमानियाच्या टोकाकडच्या भोकात, देठ आत आणि पातं बाहेर, तुळशीचं एक हिरवंगार पान बसलेलं होतं.

मी ते पान बघतच राहिले. मोठ्या आजीला वाटलं मला भरून आलं आहे. माझेही डोळे वाहत होते, पण त्याचं कारण झाकण होतं.

चौकीदार भला माणूस. त्याने तोडगा काढला. "आत नका जाऊ. वरच्या कठड्यावरून पाणी दिसते. तिले दाखवा आन् निघा."

"तिला डोळा नाही," मी म्हटलं. "लहानपणीच जातो."

"मास्तरीन, तू गप रह्य," मोठी आजी म्हणाली. मग तिने कठड्यापाशी जाऊन दोन्ही हातांनी बरणी वर धरली. खाली सरोवर हिरवट दिसत होतं. चहावालीने हात जोडले. चौकीदाराने टोपी काढली. घाम पुसायला काढली असेल, पण मोठी आजी म्हणते, मान देण्यासाठी. परतीच्या गाडीत मी बरणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून उघड्या खिडकीत धरली. तरी मागच्या सीटवरच्या बाई मेहकरपर्यंत रडल्या.

रविवारी मी फॉर्मॅलिन पुन्हा बदललं, कुंकू काढलं आणि झाकणाला मेण लावलं. पान मात्र निघेना. चिमट्याने ओढलं की भोकाची कडा फाटायला लागायची. सगळी दुपार मी त्या पानाशी झटले. आजोबा येऊन म्हणाले, "राहू दे, सॅलडसारखं दिसतंय." शेवटी राहू दिलं, कारण फाटका नमुना नक्की टाकाऊत गेला असता, आणि पान असलेल्याचं काय होतं ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी अकराला पाच कमी असताना बरणी फळीवर होती. समितीचे तिघे आले. दोघे पुढे गेले. तिसरे, चष्म्यातले वयस्कर गृहस्थ, हर्डमानियापाशी थांबले. बराच वेळ वाकून पाहत होते. माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघू लागली.

"हे हिरवं काय आहे?"

"तुळस, सर," मी म्हटलं. खोटं बोलायला मला वेळच मिळाला नाही.

"समुद्रात तुळस?"

"नाही सर. साखरखेर्ड्यात. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जाऊबाईंनी घातली. त्यांना मी सांगितलं होतं की ही आपली जवळची नातेवाईक आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकले.

"तोंडाच्याच भोकात घातली आहे."

"हो सर."

"त्यांचं शिक्षण?"

"चौथी."

"आमच्या तोंडी परीक्षेत अर्धी मुलं इथेच चुकतात," ते म्हणाले. मग हातातल्या यादीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर माझ्या विद्यार्थिनीने यादी पाहिली. हर्डमानियापुढे लिहिलं होतं, नमुना शिकवण्यास उपयुक्त, ठेवावा.

घरी येऊन मोठ्या आजीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "म्हंजे मी पास," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "माह्या झाकनाचं काय?"

झाकण परत आणायला मी विसरले होते. मेणाने ते असं पक्कं बसलं आहे की आता निघत नाही. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधलेलं असतं, आणि रोज जेवताना मला त्याची आठवण करून दिली जाते. या वर्षी अक्षय्य तृतीयेला नाव नसलेल्यांच्या गडूत मोठ्या आजीने पाण्यात चिमूटभर मीठ घातलं. मी पाहिलं आणि मिठाची बरणी जागेवर ठेवली.

तर एवढंच घडलं. पोलीस नव्हता. हर्डमानिया कॉलेजच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे, आणि तिच्यावर लोणच्याचं झाकण आहे. पानाचा हिरवा रंग गेला आहे, पण पान अजून आहे.